अंगणातल्या दिव्याचा खटका

सोमवार, ४ नोव्हेंबर

ही वही लिहायला घेतली त्याचं कारण वीज सहकारी संस्थेचं पत्र. आमच्यासारख्या शंभर घरांपैकी नव्वद घरं आमच्यापेक्षा कमी वीज वापरतात, असं त्यात लिहिलं आहे. खाली तीन पट्टे छापले आहेत. काटकसरी घरांचा हिरवा, सर्वसाधारण घरांचा निळा, आणि उधळ्या घरांचा, म्हणजे आमचा, तपकिरी. तपकिरी पट्टा कागदाच्या कडेपर्यंत गेला आहे.

मी एकतीस वर्षं या जिल्ह्याच्या शाळेत गृहविज्ञान शिकवलं. भांड्यावर झाकण ठेवा, फ्रीझर भिंतीपासून दूर ठेवा, खोलीतून निघताना मागे वळून बघा. आसपासच्या निम्म्या बायका माझ्या हाताखालून गेल्या आहेत. त्यांचे पट्टे हिरवे असणार.

घरात माणसं दोन. एक मी. दुसरा अर्विड, माझा नवरा, ज्याला मी सत्तेचाळीस वर्षं दिवे घालवायला सांगते आहे.

पत्राच्या मागे लिहिलं आहे की वीज मोजायचं यंत्र लायब्ररीत मिळतं, आणि सहा आठवडे रोजची नोंद ठेवावी. नोंद म्हणजे काय ते मला शिकवायला नको. पाठटाचणाची एक कोरी वही कपाटात निघाली. आजचा मीटर: दिवसाला एकतीस युनिट.

बुधवार, ६ नोव्हेंबर

लायब्ररीत जोलीन होती. माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, शिवण वाईट. तिने पेटी उघडून एकेक वस्तू दाखवली आणि माझी सही घेतली. यंत्र एक, पेटी एक, माहितीपुस्तिका एक.

"बाई, तुमच्या घरी वीज वाया जाते यावर माझा विश्वास नाही."

"माझा पण नाही. म्हणून तर मोजायचं आहे."

तळघरातला फ्रीझर लावून बघितला. दिवसाला अडीच युनिट खातो, आणि आत काय आहे तर अर्विडने तीन वर्षांपूर्वी पकडलेले मासे. मासे शेजारी क्लेटनला दिले, फ्रीझर बंद केला. तळघराच्या पायऱ्या आता मोजून उतराव्या लागतात. गुडघे बहात्तर वर्षांचे झाले.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आज दिवसभर पेन्सिल घेऊन फिरले. दुपारी बारा वाजता लागलेले दिवे: शेगडीवरचा, जिन्यातला, न्हाणीघरातले दोन्ही, तळघरातला, जेवणाच्या टेबलावरचे तीन. बाहेर बर्फावर ऊन इतकं की डोळे दिपावेत. टेबलाशी अर्विड पेपर घेऊन बसलेला.

"बारा वाजलेत, अर्विड."

"मग जेवायला वाढ."

"दिव्यांचं बोलतेय."

"अंधारात वाचायला मी मांजर आहे का?"

मी तीनही दिवे घालवले. तो पेपर तसाच धरून बसला. अर्ध्या तासाने मी परत आले तेव्हा तेच पान होतं. वाचतही नाही, नुसता दिवे जाळतो.

त्याच्याशी बोलणं म्हणजे हल्ली भिंतीशी बोलणं. मी समोर उभी असते आणि तो माझ्या कानाकडे बघतो. वर्गात एखादा मुलगा असा बघत असता तर मी त्याला बाहेर उभं केलं असतं.

थकले आहे. खरं लिहायची वही आहे म्हणून लिहिते: मी एकटी असते तर पट्टा हिरवा असता.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

दोन दिवस शिडीवर. एकवीस बल्ब बदलले, जुने काढून कमी वॅटचे लावले. जिना, न्हाणीघर आणि तळघर इथे हालचाल ओळखणारे सेन्सर बसवले. माणूस आला की दिवा लागतो, दोन मिनिटं हालचाल नसली की जातो. जेवणाच्या खोलीत डिमर लावून निम्म्यावर ठेवला. तारा मीच जोडल्या. अर्विड पूर्वी ही कामं करायचा. आता म्हणतो हात थरथरतो. मला तर थरथरताना दिसला नाही.

"उजेड पातळ झालाय," तो म्हणाला.

"उजेड पातळ होत नाही. सूप पातळ होतं."

मग त्याने कॉफी ओतली ती कप भरून बशीत, बशी भरून टेबलक्लॉथवर. मी फडकं आणून पुसलं. मुद्दाम केलेल्या गोष्टीला उत्तर द्यायचं नसतं.

संध्याकाळी तो चर्चच्या सभागृहात पत्ते खेळायला गेला. दर मंगळवारी जातो. आठला परत. त्याच्या मागोमाग क्लेटनची पिकअप आली, आमच्या फाट्यावर थांबली, अर्विड आत वळल्यावर पुढे गेली. मागच्या मंगळवारीही असंच. क्लेटन हॉगन विधुर झाल्यापासून भोचक झाला आहे. वाढदिवसाला त्याने अर्विडला पत्त्यांचा जोड दिला, आकडे तळहाताएवढे. लहान मुलांचे पत्ते.

मीटर: सव्वीस.

रविवार, १७ नोव्हेंबर

चर्चमध्ये अर्विडने स्तोत्रांचं पुस्तक उघडलंच नाही. डोळे मिटून सगळी कडवी पाठ म्हटली. इतकी वर्षं तो दर महिन्याला वेदीपाशी उभा राहून वाचन करायचा, ते त्याने उन्हाळ्यात सोडलं. पाद्रीबाबांना सांगितलं, घसा बसतो. गाताना घसा चांगला होता.

नंतर कॉफीच्या वेळी क्लेटनने हात पुढे केला आणि अर्विड त्या हाताशेजारून निघून गेला. मला शरम वाटली. क्लेटन हसला.

"काय रे, डोळे बाकावर विसरलास का?"

"तुला बघायला डोळे कशाला लागतात? वासावरून कळतं."

दोघे खूप हसले. गाडीत मी विचारलं की क्लेटनशी काही भांडण झालंय का. म्हणाला, नाही. मी म्हटलं, मग माणसाचा हात घ्यायची पद्धत आहे. तो म्हणाला, हो बाई.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

सकाळी न्हाणीघरातून हाक. "बाई, मी हात वर केलाय. दिवा लावता का?"

"हलत राहा. लागेल."

"या जागी माणसाने किती हलायचं?" मग थोड्या वेळाने, "जो हलेल तोच जिवंत, असं ठरवलंय तुझ्या यंत्राने."

मला हसू आलं, पण दाराबाहेरून कळू दिलं नाही.

कारिनचा फोन आला. शहरात राहून तिला आमची काळजी करायला वेळ मिळतो. "आई, बाबांनी डोळे दाखवले का?"

"वसंतात दाखवले. एकटाच गेला होता. सगळं ठीक आहे म्हणाला."

"डॉक्टर म्हणाले की बाबा म्हणाले?"

"तुझ्या बाबांनी मला कधी खोटं सांगितलेलं नाही," मी म्हटलं. हे खरं आहे. बाकी हजार दोष आहेत, हा नाही.

मीटर: चोवीस.

सोमवार, २५ नोव्हेंबर

बर्फ. चोवीस. काही नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

चर्चच्या विक्रीसाठी लेफ्सा केल्या. बटाट्याच्या या पोळ्या मी लाटते आणि अर्विड भाजतो. लग्नापासूनची वाटणी आहे. तव्याला यंत्र लावलं: चौदाशे वॅट. म्हणून मी म्हटलं, वरचा दिवा तरी घालवू, तव्याची भरपाई होईल.

पहिल्या नऊ पोळ्या करपल्या. अर्विडच्या हातून लेफ्सा करपते, हे मी पहिल्यांदा बघितलं. काठीने उलटायच्या आधी पोळीवर तपकिरी ठिपके येतात, ते बघून उलटायची. त्याला हे सांगायची माझ्यावर वेळ आली. तो काठी टेबलावर ठेवून म्हणाला, "यंदा तूच भाज."

"लाटू कशाने, पायाने?"

तो बाहेर गेला आणि धान्याच्या रिकाम्या कोठाराशी उभा राहिला. मी चाळीस पोळ्या एकटीने केल्या. पाठ मोडून आली.

सोमवार, २ डिसेंबर

नवं पत्र. आता साठ घरं आमच्या पुढे आहेत. पट्टा निळ्याच्या जवळ आला, पण तपकिरीच.

आणखी काय उरलंय ते शोधायला पुस्तिका पुन्हा वाचली आणि उत्तर खिडकीतूनच दिसलं. अंगणातल्या खांबावरचा दिवा. अंधार पडला की आपोआप लागतो, उजाडलं की जातो. या दिवसांत साडेचारला मावळतं आणि आठला उगवतं. दोनशे वॅट गुणिले पंधरा तास म्हणजे रोज तीन युनिट, आणि कोणासाठी? गाई विकून अकरा वर्षं झाली.

जेवताना सांगितलं. अर्विडने काटा खाली ठेवला.

"तो दिवा नको बंद करूस."

"का?"

"सगळ्यांच्या अंगणात असतो."

"हे कारण नाही."

"मंगळवारी परत येताना मला घर सापडायला हवं ना."

"सत्तेचाळीस वर्षं त्याच रस्त्याने येतोयस. घोडासुद्धा आला असता."

"घोडा आला असता," तो म्हणाला. "घोडा बरा."

बाकी सगळ्याला हो म्हणणारा माणूस एका दिव्यासाठी अडून बसतो. मी पुन्हा विचारलं, खरं कारण असेल तर सांग, मी ऐकीन. तो माझ्या कानाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "कारण नाही."

बुधवार, ४ डिसेंबर

काल मंगळवार म्हणून थांबले. आज दुपारी कोठारातल्या बोर्डावरचा खटका खाली ओढला.

साडेसहाला क्लेटनची पिकअप दारात. टोपी हातात, बूट न काढता आत आला. असं तो कधी करत नाही.

"कोण गेलं?"

"कुठे गेलं?"

"दिवा दिसला नाही. म्हटलं, दोघांपैकी एक गेलं आणि दुसऱ्याला सुचत नाहीये."

मी वीज वाचवण्याबद्दल सांगितलं. तो खुर्चीत बसला. आमच्या दोन घरांमध्ये एक मैल शेत आहे, झाड एकही नाही. अर्विड आणि तो झोपण्यापूर्वी एकमेकांचे दिवे बघतात, ही जुनी रीत. मला ती पोरकट वाटत आली आहे.

"टेलिफोन आहे की," मी म्हटलं.

"फोन करून काय विचारू? मेलात का?" मग म्हणाला, "लाव तो दिवा, मार्लिस."

"कारण सांग."

त्याने अर्विडकडे पाहिलं. अर्विड कॉफी ढवळत होता. त्याच्या कॉफीत साखर नसते.

"मला झोप येणार नाही, हे कारण," क्लेटन म्हणाला.

"मला पुरेसं वाटत नाही."

"माहीत होतं. बरं, अर्विड, मंगळवारी माझ्याबरोबर चल पत्त्यांना. एकाच गाडीने जाऊ. हिची वीज वाचते, आपलं पेट्रोल वाचेल."

"मी माझ्या गाडीने येईन," अर्विड म्हणाला. इतकं कडक तो क्लेटनशी बोललेला मी ऐकलं नव्हतं. म्हणजे भांडण आहेच.

शनिवार, ७ डिसेंबर

एकवीस. अंगण काळं दिसतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत आता फक्त माझा चेहरा दिसतो. म्हणून पडदा ओढून घेतला. याची सवय होईल.

सोमवार, ९ डिसेंबर

वीस पूर्णांक आठ. मला आनंद व्हायला हवा. नुसती झोप येते.

मंगळवार, १० डिसेंबर

अर्विडला अपघात झाला. जिवंत आहे. उद्या लिहीन.

बुधवार, ११ डिसेंबर

घडलं तसं लिहिते.

काल आठला तो आला नाही. सव्वाआठला रस्त्यावरून एक गाडी फाट्याशी न थांबता सरळ पुढे गेली, तिच्या मागे दुसरी, सारखा भोंगा वाजवत. मला वाटलं, पोरं शर्यत लावताहेत. नऊला इस्पितळातून क्लेटनने फोन केला.

गाडी क्लेटनच्या घराआधीच्या चारीत उतरली. अर्विडचं डावं मनगट मोडलं, कपाळाला सात टाके. बाहेर पारा शून्याच्या खूप खाली होता. क्लेटन मागे नसता तर सकाळी सापडला असता.

आज दुपारी त्याला घरी आणलं. टेबलाशी बसवलं. मी समोर बसले आणि विचारलं, "फाटा कसा चुकला?"

"दुसरा दिवा आला, वळलो."

"म्हणजे?"

"गावातून निघाल्यावर पहिला दिवा बंद पडलेल्या शाळेचा. दुसरा आपला. दुसऱ्याच्या अलीकडे वळायचं. काल दुसरा क्लेटनचा होता. त्याचा फाटा दिव्याच्या पलीकडे आहे."

मी टेबलावर बोटाने रस्ता आखला: शाळा, आमचं घर, क्लेटनचं घर. मग म्हटलं, "तू रस्ता बघून चालवत नव्हतास."

"रस्ता दिसत नाही, मार्लिस. कडेचं दिसतं. मधलं गेलं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं. वसंतात डॉक्टर म्हणाला, परत येणार नाही. गाडी सोडा म्हणाला. भरपूर उजेड ठेवा म्हणाला."

भरपूर उजेड ठेवा. मी डिमरकडे बघितलं. तो निम्म्यावर होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. मग तू वही काढलीस." तो जरा हसला. टाक्यांमुळे अर्धंच. "गाडी गेली की घर जातं. मैलभरात दुकान नाही, कारिन म्हणेल शहरात चला. तू हो म्हटलं असतंस. तू नेहमी बरोबर असतेस. म्हटलं, हा एक हिवाळा जाऊ दे."

"मी विचारलं होतं. कारण सांग म्हटलं होतं."

"हो. विचारलं होतंस."

"आणि माझ्याकडे बघत नव्हतास."

"बघतच होतो. सरळ बघितलं तर तू नाहीशी होतेस. कानाकडे बघितलं की चेहरा दिसतो."

मी उठून जेवणाच्या टेबलावरचे दिवे पूर्ण केले. मग शेगडीवरचा लावला. नंतर कोट घालून कोठारात गेले आणि बोर्डावरचा खटका वर केला. दिवा लगेच लागत नाही. आधी जांभळट होतो, मग हळूहळू पांढरा. मी खाली उभी राहून तो पूर्ण लागेपर्यंत थांबले. पलीकडे मैलावर क्लेटनचा दिवा होता. तो एकदा गेला आणि परत लागला.

गुरुवार, १२ डिसेंबर

क्लेटन मासे घेऊन आला, आमचेच, तळून. मी त्याला विचारलं, तुला केव्हापासून माहीत होतं.

"गेल्या हिवाळ्यात त्याने चौकटच्या राजावर बदामचा राजा चौकटचा समजून टाकला तेव्हापासून."

"आणि दर मंगळवारी मागे यायचास ते—"

"वाट तीच आहे माझी."

"मला सांगायचं होतंस."

"त्याने नको म्हटलं होतं. आणि तुला सांगायचं म्हणजे, मार्लिस, कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही कोणाला."

मी तीन ताटं वाढली. मासे खारट होते.

शनिवार, १४ डिसेंबर

तिन्ही सेन्सर काढले. साधे खटके बसवले आणि त्यांच्याभोवती काळी चिकटपट्टी लावली, म्हणजे पांढऱ्या भिंतीवर कडेने सापडतील. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी. अर्विडच्या खुर्चीशी हवा तसा वाकवता येणारा दिवा. त्याने पेपर त्याखाली धरला, मान तिरकी केली, आणि मथळा वाचून दाखवला. बिटाचे भाव. मी त्याला दोनदा वाचायला लावलं.

कारिन आली होती. शहराचं निघालंच. मी म्हटलं, गाडी मला चालवता येते, दिवसा. संध्याकाळी क्लेटन आहे. पुढचं पुढच्या हिवाळ्यात. अर्विड माझ्या कानाकडे बघत होता.

मीटर: सव्वीस.

मंगळवार, १७ डिसेंबर

सहा आठवडे झाले. आज काय काय कोणाच्या हाती दिलं, ते लिहिते.

लायब्ररीला: यंत्र एक, पेटी एक, माहितीपुस्तिका एक. आकड्यांची स्वच्छ प्रत, एक पान. जोलीनने विचारलं, "बाई, पट्टा हिरवा झाला का?" मी म्हटलं, "नाही. तपकिरीच राहणार." तिने शिक्का मारला. पुस्तिकेच्या नियमाप्रमाणे वहीही द्यायची असते. ती दिली नाही.

जिल्हा कार्यालयाला: अर्विड ट्वेट याचा वाहन परवाना. त्याने स्वतःच दिला. टेबलामागच्या मुलीच्या हातापासून चार बोटं डावीकडे धरला होता. मी त्याचा हात धरून नेला नाही. मुलीने पुढे होऊन घेतला.

क्लेटनला: मंगळवार संध्याकाळ. पावणेसातला येऊन घेऊन जातो. आज दोघे गेले आहेत, मोठ्या आकड्यांचे पत्ते घेऊन. मनगट प्लास्टरमध्ये आहे म्हणून पत्ते क्लेटनने धरायचे आणि अर्विडने भांडायचं, असं ठरलं आहे.

अर्विडला: बोर्डावरचा खटका. त्यावर मी चिठ्ठी लावणार होते, तो म्हणाला चिठ्ठी कोण वाचणार. म्हणून खटक्याला दोरा बांधला.

आणि ही वही. परवा त्याने विचारलं होतं, सहा आठवडे माझ्याबद्दल काय लिहिलंस. उद्यापासून रोज जेवणानंतर वाचून दाखवणार आहे, त्याच्या खुर्चीशी, पहिल्या पानापासून. नऊ नोव्हेंबरचं ते 'मी एकटी असते तर' मला पाठ आहे. गाळायचं काही नाही. तेही नाही.